प्रतिभेला सवड कोणाच्या खात्यातून?

साहित्य संमेलनांच्या व्यासपीठांवरून आणि सत्काराला दिलेल्या उत्तरांतून एक वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत : 'ज्याला खरोखर लिहावयाचे असते तो वेळ काढतोच.' वाक्य ऐकावयास विनम्र वाटते. वस्तुतः त्यात एक निवाडा दडलेला आहे. जो लिहू शकला नाही त्याच्यापाशी लिहिण्याजोगे काही नव्हतेच, असा तो निवाडा आहे. आणि तो मुख्यतः ज्या घरात मुले लहान आहेत, म्हातारी माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत आणि दोन वेळचा स्वयंपाक एकाच माणसाच्या अंगावर आहे, त्या घरातील बाईच्या विरुद्ध दिला जातो. तोही तिची बाजू ऐकून न घेता.

प्रस्तुत लेखकाने तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. साहित्यशास्त्रात आपला अधिकार आहे असा त्याचा दावा नाही. परंतु 'वेळ काढणे' हा मुळात साहित्यशास्त्राचा प्रश्नच नव्हे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. वेळ हे एक साधन आहे. जमीन, भांडवल आणि पाणी यांच्याप्रमाणेच त्याचेही वाटप होत असते. दिवसाचे तास सर्वांना चोवीसच मिळतात, म्हणून येथे विषमता नाही, असा भ्रम मात्र सहज होतो. त्या चोवीस तासांवर कोणाची मालकी आहे, हा खरा प्रश्न आहे. आणि मालकीचा प्रश्न हा समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली आणि २०२४ साली ती पुन्हा केली. २०२४ च्या पाहणीप्रमाणे बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. जे पुरुष असे काम करतात ते ८८ मिनिटे. मुलांची, आजाऱ्यांची व वृद्धांची देखभाल हे कलम निराळे आहे. त्यात स्त्रियांची १३७ मिनिटे, पुरुषांची ७५. शिवाय हे पुरुषांचे आकडे घरकामाला हात लावणाऱ्यांचेच आहेत. २०१९ च्या पाहणीत असा हात लावणारे पुरुष शेकडा २६.१ होते आणि स्त्रिया शेकडा ८१.२. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन पुरुष या हिशेबात उतरतच नाहीत.

केवळ घरकामातील फरक घेतला तरी तो दिवसाला २०१ मिनिटांचा होतो. वर्षाचे होतात सुमारे बाराशे तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर दीडशे दिवस. दरवर्षी कामाचे दीडशे दिवस एका बाजूच्या खात्यातून काढून घ्यावयाचे आणि वर तिला विचारावयाचे की, 'बाई, तुम्ही काही लिहीत का नाही?' यापेक्षा निर्दय विनोद कोणता असेल?

आणि हा हिशेबसुद्धा संपूर्ण सत्य सांगत नाही. सांख्यिकीला सर्व मिनिटे सारखीच असतात. लिहिणाऱ्याला ती सारखी नसतात. दूध उतू जाईपर्यंतची सात मिनिटे, नळाला पाणी येईपर्यंतची दहा, मूल झोपल्यावरची पंधरा यांची बेरीज बत्तीस होते, परंतु त्यातून अर्ध्या तासाचे लेखन निर्माण होत नाही. पंचगंगेवर अर्धा पूल बांधला तर अर्धी माणसे पैलतीराला पोहोचत नाहीत. कोणीच पोहोचत नाही. अर्थशास्त्रात यालाच साधनाची अविभाज्यता म्हणतात. एखाद्या कल्पनेचा धागा धरून ठेवण्यास सलग आणि निर्वेध वेळ लागतो. गृहिणीला काही वेळ मोकळा मिळतही असेल, पण तो सलग नसतो आणि तो तिचा नसतो; कोणत्याही क्षणी कोणीही हाक मारून तो परत घेऊ शकतो. ज्याला प्रेरणा म्हणतात ती हाकेच्या टप्प्यात फार काळ थांबत नाही.

आता इतिहास पाहा. आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील थोर ग्रंथांपैकी कितीतरी तुरुंगात लिहिले गेले. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले. नेहरूंनी भारताचा शोध अहमदनगरच्या किल्ल्यात घेतला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. या थोर पुरुषांच्या त्यागाला बाध आणण्यासाठी हे सांगत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, परकीय सरकारच्या तुरुंगाने पुरुषाला जो सलग वेळ दिला तो स्वकीयांच्या घराने बाईला दिला नाही. आईवरचे मराठीतील सर्वांत लाडके पुस्तक मुलाने तुरुंगात लिहिले. स्वतःविषयी लिहावयास त्या आईला घरात पाच दिवस कोणी दिले असते काय?

येथे एक आक्षेप हमखास येतो. तो बहिणाबाईंच्या नावाने येतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) अक्षरशत्रू होत्या, शेतात राबत होत्या, घर सांभाळीत होत्या, तरी त्यांची कविता अमर झालीच ना? कष्टातूनच काव्य निपजते, मग सवडीची मागणी कशाला? हा युक्तिवाद वरवर बहिणाबाईंचा गौरव करणारा दिसतो. आतून तो कष्ट कायम ठेवण्याची सोय पाहणारा आहे. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. त्या आल्या कारण त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते, त्या कवितांची टिपणे राहिली होती आणि आचार्य अत्र्यांसारख्या संपादकाला त्यांचे मोल कळले. खानदेशच्या काळ्या मातीत किती बहिणाबाई अशा होऊन गेल्या की ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हता, याचा हिशेब कोण देणार? वादळातून एक होडी काठाला लागली म्हणून वादळ हे होड्यांच्या हिताचे असते, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. साहित्यात मात्र तो रोज काढला जातो.

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ही संख्या थोडी थांबून मनात घोळवावी. एवढे काव्य पहाटेच्या अंधारात, दळणाच्या कष्टात निर्माण झाले. का? कारण जाते ही अशी एकच जागा होती की जेथे बाईला सलग तास-दोन तास मिळत, जेथे दुसरा पुरुष फिरकत नसे आणि जेथे तिने तोंड उघडले तर ते कामचुकारपणाचे मानले जात नसे. कष्टाने तिला ओवी दिली नाही. कष्टाच्या आडोशाला सापडलेल्या त्या निर्वेध वेळाने दिली. पुढे पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले. दळणाचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायली दळून पाहावी. परंतु वाचलेला वेळ बाईच्या पदरात पडला काय? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, घरगुती यंत्रे आल्याने गृहिणीचे काम संपले नाही. स्वच्छतेच्या, खाण्यापिण्याच्या आणि मुलांच्या संगोपनाच्या अपेक्षा वाढल्या आणि वाचलेला वेळ त्यांनी गिळला. कारखान्यात नवे यंत्र आले की वाचलेला वेळ मालकाकडे जातो, हे आपण कामगारांना समजावून सांगतो. घरातही हाच नियम चालतो, हे मात्र सांगत नाही.

आपल्याकडील स्त्रियांची आत्मकथने कोणत्या वयात आली तेही पाहण्याजोगे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांची साठी उलटली होती आणि रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली, नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर आली. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली, त्यांच्या चौसष्टाव्या वर्षी आले. पुरुषही आत्मचरित्र उतारवयातच लिहितो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण त्याच्या आत्मचरित्राआधी त्याची दहा पुस्तके आलेली असतात. यांच्याबाबतीत आत्मचरित्र हेच पहिले मोठे पुस्तक ठरते. मधली तीस-चाळीस वर्षे, जेव्हा बुद्धी सर्वांत तल्लख आणि अनुभव सर्वांत ताजा असतो, ती कोणाच्या खात्यावर जमा झाली?

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर आपल्या चळवळीला अधिक जवळचे आणि अधिक बोचणारे आहे. फलटणच्या या आंबेडकरी कार्यकर्तीने लहानसे दुकान चालविता चालविता, पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचता वाचता आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. आणि लिहिलेले सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांनी विचारपूस केली तेव्हा ते कागद उजेडात आले. 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ज्या काळात चळवळीच्या सभांतून समतेची भाषणे झडत होती, त्याच काळात चळवळीतली एक बाई आपल्याच घरात वही लपवीत होती. तिला भीती सरकारची नव्हती.

हे सर्व वाचून काही साथी म्हणतील, पुरुष कामगारालाही लिहावयास वेळ कोठे मिळतो? हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. अण्णा भाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिले. नारायण सुर्वे यांनी गिरणगावातील जिणे भोगीत कविता लिहिली. आमच्या शेजारच्या निपाणीत महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवीत कथा-कादंबऱ्यांचा ढीग उभा केला. २०२४ साली ते आपल्यातून गेले. ज्या यंत्राने बाईचे जाते आणि ओवी संपविली त्याच यंत्राच्या घरघरीत बसून या माणसाने सीमाभागातील कष्टकऱ्यांना मराठी साहित्यात आणले. या लेखकांपाशीही सवड नव्हती. त्यांनी ती पोटाला आणि झोपेला चिमटा काढून मिळविली. त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच आहोत.

परंतु सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनीही आत्मकथन लिहिले आहे आणि त्याचे नाव आहे 'मास्तरांची सावली'. हे नाव त्यांनी अभिमानाने दिले असेल. आपण ते हिशेबवहीतील नोंद म्हणूनही वाचले पाहिजे. श्रमिक कवीच्या कवितेला लागलेला वेळ कोणाच्या तरी श्रमातून आला. भांडवलदार कामगाराचा वेळ घेतो. आणि त्याने उरवलेल्या वेळातून कामगार आपल्या बायकोचा घेतो. पहिल्या अन्यायाविरुद्ध लढतो म्हणून दुसरा करण्याचा परवाना मिळत नाही. त्याचप्रमाणे दुसरा अन्याय दाखविला म्हणून पहिला लहान होत नाही.

किंबहुना पहिला अन्याय पुन्हा वाढू लागला आहे. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्याच काळात कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची बेरीज तीच राहील, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे समर्थन करण्यात आले. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी कशी असते हे आम्हा कोल्हापूर जिल्ह्यातील माणसांना कोणी समजावून सांगावयास नको. बारा तास मागावर उभा राहिलेला माणूस घरी येऊन वही उघडीत नाही. आणि तो पोरांना न्हाऊ-माखू घालून बायकोला वही उघडू देईल, ही आशाही व्यर्थ आहे. २०२५ च्या आरंभी एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तास कामाची भलावण करताना विचारले की, घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहाल? घर म्हणजे तोंडे पाहत बसण्याची जागा, तेथे काही काम असते हे ज्यांच्या गावीही नाही, त्यांचे हे अर्थशास्त्र आहे.

उसाच्या फडात तर हिशेबाची भाषाच बोलकी आहे. साखर कारखान्यांकडे येणाऱ्या तोडणी मजुरांमध्ये नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. दोन माणसे, एक कोयता, एक उचल. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, रात्री पुन्हा चूल पेटविते. आणि हिशेबात ती अर्ध्या कोयत्याइतकीही स्वतंत्रपणे दिसत नाही. तिच्या मनात कविता नाही असे कोणी म्हणू शकेल काय? जिच्या श्रमाचीच नोंद नाही तिच्या शब्दाची नोंद कोण ठेवणार?

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली सांगितले की, स्त्रीला लिहावयाचे तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी. हे भौतिकवादी उत्तर होते आणि ते योग्यच होते. परंतु त्या निबंधातील निवेदिकेला पाचशे पौंड मिळतात ते मुंबईत घोड्यावरून पडून मेलेल्या आत्याच्या वारशातून, ही गोष्ट आपण हिंदी वाचकांनी विसरू नये. एकीची सवड दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून येते, हा नियम तेथेही सुटलेला नाही. आपल्या शहरातील मध्यमवर्गीय लेखिका घरी मोलकरीण ठेवते आणि तिला दोन तास मिळतात. ते दोन तास मोलकरणीच्या पोरांचे असतात. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा केला, ही गोष्ट चांगली. पण तिच्या वेळेचे मोल अजून कोणी ठरविलेले नाही. उत्तर भारतात बेबी हालदार या घरकाम करणाऱ्या बाईला तिचे मालक प्रबोधकुमार यांनी वही आणि लेखणी दिली आणि तिचे आत्मकथन २००२ साली हिंदीत आले. एका मालकाच्या चांगुलपणाने एक लेखिका उभी राहिली. पण समाजवाद म्हणजे चांगल्या मालकांची वाट पाहणे नव्हे.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो आपल्याच घरातला आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, भाकरीचा प्रश्न सुटला नाही तेथे कवितेच्या सवडीची चर्चा हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. साथींनो, आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही रॉबर्ट ओवेनच्या काळापासूनची मागणी कोणत्या चोचल्यांतून आली होती? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती केवळ झोप काढण्यासाठी नव्हे. माणसाचा काही वेळ माणसाचा असावा म्हणून. त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. स्वयंपाकघरात अजून रविवार उगवलेला नाही. उलट त्या दिवशी तेथे काम अधिक असते. शिवाय चळवळीचा इतिहास ज्यांनी घडविला त्यांनीच तो लिहिला नाही, तर दुसरे कोणी तरी, दुसऱ्याच सोयीने लिहिणार. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायांनी जे भोगले ते त्यांच्या शब्दांत आले तरच त्याला धार राहील.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कामाचा दिवस लांबविण्यास विरोध करताना 'कामगाराची प्रकृती' एवढेच कारण न देता 'घरातील कामाची वाटणी' हेही कारण आपल्या निवेदनांत आले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून पाळणाघर ही कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे. ती वस्तीवस्तीत, असंघटित बायांच्या मुलांसाठी आणि नगरपालिकेच्या खर्चाने हवी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये उभी राहिली. आमच्या कोल्हापुरात तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. प्रत्येक वाचनालयात, शेजारी मुलांची व्यवस्था असलेली, बायांना दुपारी बसून लिहिता येईल अशी एक खोली मागणे हे अशक्यप्राय नाही. राजर्षी शाहूंनी वसतिगृहे काढली तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते की, बुद्धी सर्वत्र असते, कमी असते ती बसावयाची जागा आणि निर्वेध वेळ.

आणि जी मागणी सरकारकडे न्यावयाची नाही, तीही सांगितली पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी बैठका होतात. चहाचे कप आतून येतात आणि रिकामे होऊन आत जातात. ठराव समतेचा असतो. बैठक संपल्यावर कप विसळावयास कोण उठतो, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी घर संपूर्णपणे पुरुष कार्यकर्त्याने चालवावे. 'मदत' म्हणून नव्हे, कारण ज्याचे काम त्याने करणे याला मदत म्हणत नाहीत. त्या दोन संध्याकाळी घरातल्या बाईने काय करावे हे आपण ठरवू नये. ती लिहील, वाचील, सभेला जाईल किंवा स्वस्थ बसेल. स्वस्थ बसण्याचा हक्क ज्याला नाही त्याला लिहिण्याचाही नसतो.

'ज्याला लिहावयाचे तो वेळ काढतोच,' असे यापुढे कोणी व्यासपीठावरून म्हणाला, तर सभ्यपणे उठून एकच प्रश्न विचारावा : 'आपण काढलात, तो कोणाच्या खात्यातून?'